पाय आल्याशिवाय जोडा नाही

आमच्या दुकानात भिंतीवर एकच पाटी आहे: पाय आल्याशिवाय जोडा नाही. नवीन गिऱ्हाईक ती वाचून हसतं. म्हणतं, पाय आला म्हणजे माणूस येणारच की. आमचे हे हसत नाहीत. एकदा एका मोठ्या साहेबांनी आपल्या ड्रायव्हरच्या हाती कागदावर मापं लिहून पाठवली होती. ह्यांनी कागद परत दिला आणि म्हणाले, "साहेबांचा पाय आणला का? नाही? मग या, तुमचाच मोजतो. रिकाम्या हातानं कशाला जाता."

चारचौघांसारखा पाय असलेली माणसं आमच्याकडे येत नाहीत, त्यांना बाजारात जोडे मिळतात. आमच्याकडे येतो तो वाकलेला पाय, आखूड पाय, बोटं गेलेला पाय. हे माणसाला खाकी कागदावर उभं करतात, त्याच्यापुढे गुडघे टेकतात आणि पेन्सिल फिरवतात. मग टाचेवर हात दाबून धरतात, भार कुठे पडतो ते बघायला. प्रत्येकाचा लाकडी साचा निराळा. भिंतभर फळीवर ते साचे उभे असतात. अख्खं गाव जणू पाय तेवढे आमच्याकडे ठेवून कामाला गेलंय, असं मला वाटतं. हे तळ आणि टाचा करतात, वरचं शिवणकाम माझं. काम करताना हे देवाचं काहीतरी गुणगुणत असतात. ते थांबलं की मी मशीनवरून मान वर करते. काहीतरी बिनसलेलं असतं.

शिवणकाम मला वन्संनी शिकवलं. वन्सं म्हणजे ह्यांची थोरली बहीण. लग्न होऊन आले तेव्हा मला साधं बटण लावता येत नव्हतं. वन्संनी माझ्या बोटांत मेणदोरा दिला आणि सहा महिने एकदाही आवाज चढवला नाही. सुया मात्र माझ्या हातून इतक्या मोडल्या, की त्या म्हणायच्या, "धाकट्या, तुझी बायको सुया खाते का रे?" पुढे नवरा गेला आणि त्या धुलाईघरात इस्त्रीच्या कामाला लागल्या. पदरात एक मुलगा. त्याचा डावा पाय जन्मापासून आखूड.

त्याला पहिला जोडा ह्यांनी केला तेव्हा तो चार वर्षांचा होता. डाव्या तळाला एक बोट उंची. तोवर तो भिंत धरून चालायचा. जोडा घातला, भिंत सोडली आणि दुकानभर हिंडून प्रत्येक साच्याला हात लावून आला. पोरांनी त्याला उंच्या म्हणायला सुरुवात केली आणि ते नाव त्याला आवडलं. पायाबरोबर साचे वाढत गेले. त्याचे नऊ साचे आमच्या फळीवर आहेत, मुठीएवढ्या पहिल्यापासून ते शेवटच्या, साडेतीन बोटं उंचीच्या जोड्याच्या साच्यापर्यंत.

मागच्या वर्षी टपाल कचेरीत एक पार्सल फुटलं. दोन माणसं गेली. खिडकीमागे बसणाऱ्या बाईंच्या उजव्या पायाचा पुढचा अर्धा भाग गेला. पार्सल ठेवून गेलेला माणूस लंगडत होता असं तिघांनी सांगितलं. त्याच दिवसापासून उंच्या घरी आला नाही.

मग नवा कायदा आला. चौकात, दवाखान्यात, आमच्या दाराशेजारच्या खांबावर त्याचा जाहीरनामा चिकटवला गेला. मी तो ह्यांना मोठ्यानं वाचून दाखवला. असा स्फोट करून पळालेल्या माणसाला अन्न, वस्त्र, निवारा, औषध, वाहन, पैसा देणाऱ्याला सात वर्षांपर्यंत कैद. माहीत असून न कळवणाऱ्यालाही शिक्षा. नात्याची सबब चालणार नाही.

हे टाच घासत म्हणाले, "जोडा नाही त्यात."

"आहे. 'इतर कोणतीही वस्तू' असं आहे शेवटी. सरकार काय तुमच्यासारखं एकेक पाय मोजत बसतंय? सगळ्यांना एकच साचा."

चौकीचे साहेब स्वतः येऊन गेले. शेवटचा साचा हातात घेऊन त्यांनी खालीवर करून पाहिला. असा जोडा दुसरं कोणी करतं का, म्हणाले. हे म्हणाले, या भागात नाही. मग ते बोलले, "म्हणजे तो जोडा आज ना उद्या इथेच येणार. आला की कळवायचं." ह्यांनी कागदावर सही केली. वन्सं तेव्हा समोरच बसल्या होत्या. त्यांनी पदर तोंडाला लावला.

टपाल कचेरीतल्या त्या बाई जखम भरल्यावर आमच्याकडेच आल्या. दुसरीकडे कुठे जाणार? बोलायला मोठ्या फटकळ. "काका, पाय अर्धाच उरलाय," म्हणाल्या, "तर जोड्याला वेळही अर्धाच लागायला हवा."

"दुप्पट लागतो," हे म्हणाले. "जे नाही तेही करावं लागतं."

तर त्या दिवशी सकाळी ह्यांच्यापुढे टपालबाईंचा जोडा होता. पुढच्या रिकाम्या जागेत भरायचं बूच ते रापीनं तासत होते, आणि गुणगुणत होते. वन्सं आल्या. हातात कापडी पिशवी. त्यांनी पिशवीतून जोडा काढून पाटावर ठेवला. एकच, डावा.

"पेटीत पडून होता रे," त्या म्हणाल्या. "त्याची आठवण म्हणून ठेवलाय. टाच गेलीये, नीट करून दे. परवापर्यंत दिलास तर बरं."

जोडा चकचकीत होता. इतकं पॉलिश केलं होतं की खिडकी त्यात दिसत होती. नाडी नवी. मला भरून आलं. मुलाची चप्पलसुद्धा आई फेकत नाही, हा तर त्याचा जोडा. मी उठून वन्संना पाणी दिलं.

ह्यांनी जोडा उचलला आणि उलटा केला.

गुणगुणणं थांबलं.

जोडा घेऊन येणारा माणूस नेहमी हीच चूक करतो. आमच्याकडे आणायचा म्हणून तो वरून पुसतो, चमकवतो. पण जोडा बोलतो तो खालून. आयुष्यभर भावाच्या दुकानात वावरलेल्या वन्संनाही ते सुचलं नाही, कारण त्या शिवणकाम करणाऱ्या. त्यांची नजर वरच्या कातड्यावर.

ह्यांनी आत हात घातला. अंगठा टाचेखाली दाबला. मग आरीच्या टोकानं तळाच्या शिवणीतून काहीतरी खरवडून तळहातावर घेतलं आणि माझ्यापुढे धरलं. पांढरी पूड होती. मी ती बोटावर घासली. बोट बुळबुळीत झालं.

"धुण्याचा सोडा," हे म्हणाले. "शिवण खाल्लीये त्यानं. आणि आतला तळ ओला आहे. ताई, पेटीत घाम येतो का?"

वन्संनी रिकाम्या पिशवीची घडी घातली.

"तळाला कुणीतरी टायरचा तुकडा ठोकलाय. तोही झिजलाय, आतल्या बाजूनं. कंबर दुखत असेल त्याची."

"दुखते," वन्सं म्हणाल्या. एवढंच. आणि त्या एका शब्दानं आम्ही तिघं एका बाजूचे दुसऱ्या बाजूला गेलो. बाहेर खांबावर कागद होता आणि आता आम्हाला माहीत होतं.

मी जाऊन दार लोटून घेतलं.

मग सगळं बाहेर आलं. तीन आठवड्यांपासून तो धुलाईघराच्या मागच्या कोठीत होता, सोड्याच्या पोत्यांआड. वन्सं डब्यात दोन माणसांचं जेवण नेत होत्या. ज्यांनी त्याला पार्सल दिलं होतं त्यांनीच वर्षभर इकडून तिकडे हिंडवलं आणि मग वाऱ्यावर सोडलं. आता परवा कुणीतरी हद्दीपलीकडे नेणार होतं, पण पल्ला लांबचा, पायी. आणि जोड्यानं मान टाकलेली.

"त्याला माहीत नव्हतं रे आत काय आहे," वन्सं म्हणाल्या.

"नसेल," हे म्हणाले. "ते त्यानं सांगायचं. तूही नाही, मीही नाही."

"कोण ऐकणार आहे त्याचं?"

"ऐकतील की नाही ते माहीत नाही. पण पळणाऱ्या माणसाचं कुणीच ऐकत नाही."

वन्संनी जोडा ओढून घेतला नाही. उलट ह्यांच्याकडे सरकवला. "तू एक टाच ठोक. बाकीचं पाप माझं. तुझ्या हातांनी चालायला शिकला तो. त्याच हातांनी आता त्याला पांगळा करणार?"

ह्यांचा हात जोड्यावर होता. मी त्यांना चाळीस वर्षं ओळखते. तो हात हातोडीकडे जाऊ पाहत होता. टाच मोडलेला जोडा समोर आला की ह्यांना ती दुरुस्त केल्याशिवाय जेवण जात नाही. उपाशी मूल दिसावं तसं होतं ते.

त्यांच्या दुसऱ्या बाजूला टपालबाईंचा जोडा होता, अर्धा तासलेलं बूच आत घातलेला. ह्यांनी तो उचलला आणि बहिणीच्या मांडीवर ठेवला.

"हा कुणाचा, माहीत आहे?"

"माहीत आहे."

"आत हात घाल."

"नको रे."

"घाल, ताई."

वन्संनी हात घातला. बोटं बुचापर्यंत गेली आणि तिथेच थांबली. जिथे पाऊल असायला हवं तिथे लाकूड. त्यांनी हात बाहेर काढला नाही. बराच वेळ तसाच ठेवला.

मग मी बोलले. मला वाटलं, आता ह्यांना बोलायला लावलं तर ते कोसळतील. "वन्सं, तुम्हीच मला शिकवलं, टाका चुकला की पुढे शिवत जायचं नाही, तिथेच उसवायचा. तीन आठवडे तुम्ही पुढे शिवत आलात. आता उसवा."

"मला तुरुंगात घालतील."

"घालतील कदाचित," मी म्हटलं. "परवा त्याला कुणी पकडलं तरीही घालतील, आणि तेव्हा तुम्ही लपवणाऱ्या असाल. आज तुम्ही आपल्या पायानं गेलात तर निदान कागदावर तसं लिहिलं जाईल."

"आणि तुम्ही? नाही गेले मी, तर?"

ह्यांनी उत्तर दिलं. "तर मी जाईन. सही केली म्हणून नव्हे. फळीवर टपालबाईंचाही साचा आहे, म्हणून."

वन्संनी भावाकडे पाहिलं, धाकटा हट्ट करायचा तेव्हा पाहत असतील तसं. "संध्याकाळपर्यंत थांब. एकदा त्याला सांगून येते. आईनं न सांगता..."

"नाही. तू आधी त्याच्याकडे गेलीस तर तो पळेल, आणि त्या जोड्याशिवाय पळेल. कुठल्या तरी भिंतीपाशी गोळी खाईल. आधी चौकी. मग मी त्यांच्याबरोबर कोठीपर्यंत जातो. दार मी वाजवतो. तेवढं मी मागून घेईन त्यांच्याकडून. दिल्याशिवाय तिथून हलणार नाही."

"देतील?"

"न द्यायला काय झालं? अख्ख्या चौकीत त्याच्या ओळखीचा आवाज एकाचाही नाही."

भर दुपारी आम्ही दुकानाला कुलूप लावलं. समोरचा चावीवाला ओरडला, "काय, कोण गेलं?" मी म्हटलं, "कुणी नाही, आणायला चाललोय." देवाचं नाव घेत मी चालत होते. मनात एकच होतं: ह्यांना, वन्संना आणि उंच्याला आणखी खाली पडू देऊ नकोस. वन्सं मधोमध. पिशवी त्यांनी स्वतः धरली होती. मी मागितली, दिली नाही.

चौकीत साहेब जेवायला बसले होते. वन्संनी पिशवी त्यांच्या टेबलावर ठेवली आणि मला वाटलं होतं त्यापेक्षा स्पष्ट आवाजात म्हणाल्या, "मी त्याची आई. तीन आठवडे मी त्याला जेवू घातलं. लिहून घ्या. मग सांगते कुठे आहे."

"आधी कुठे ते सांगा," साहेब घास ठेवून म्हणाले.

"आधी लिहा, की मी स्वतः आले. आणि हा माझा भाऊ दार वाजवणार."

साहेबांनी एकदा डब्याकडे पाहिलं, एकदा वन्संकडे. "तुमच्या घरात सगळेच अटी घालतात का?" म्हणाले, आणि कागद ओढला.

पुढचं मी लांबून पाहिलं. धुलाईघराच्या बायकांना बाहेर काढलं होतं. मागच्या अंगणात ओल्या चादरी दोऱ्यांवर तशाच लटकत होत्या, आणि त्यांच्याआड दहा-बारा बंदुका. हे कोठीच्या दारापाशी गेले. हातात खाकी कागदाची गुंडाळी होती. दुकानातून निघताना ती कधी घेतली मला कळलंच नव्हतं.

"उंच्या," हे म्हणाले. नेहमीच्या आवाजात. "मामा आलोय. पाय मोजायचाय."

ह्यांनी दारावर दोनदा थाप मारली.

"जोडा माझ्याकडे आहे, तो गेला कामातून. नवीन करावा लागेल. त्याला पाय लागतो, तुला माहीत आहे. बाहेर ये. हात मोकळे ठेव, लोक आहेत."

मी मोजत होते. किती ते विसरले. मग कडी वाजली. तो बाहेर आला, उजव्या पायात जोडा, डावा पाय उघडा, टाच उचलून बोटांवर टेकलेला, एक हात भिंतीवर. चार वर्षांचा होता तेव्हा यायचा तसाच. सोड्यानं पोटऱ्या पांढऱ्या झाल्या होत्या. त्यानं मामाकडे पाहिलं, मग चादरींकडे, मग खाली बसला.

त्यांनी बेड्या घातल्या. चालवत नेताना तो दर पावलाला एका बाजूला पडत होता. ह्यांनी साहेबांना विचारलं, "धरू का त्याला? की तेही कलमात बसतं?"

साहेबांनी बेड्यांची चावी खिशात टाकली. "आता आमच्या ताब्यात आहे तो," ते म्हणाले. "आता धरा."

गाडीपर्यंत ह्यांनी त्याला धरून नेलं.

वन्संवर खटला भरला गेला. भरला जाणारच होता. पण पहिल्या कागदाची पहिली ओळ 'स्वतः हजर होऊन' अशी होती, आणि त्या ओळीवर आमच्या वकिलानं जामीन मिळवला. निकाल अजून लागायचा आहे. दर सोमवारी त्या चौकीत जाऊन सही करतात. धुलाईघरानं त्यांना काढलं. त्या आमच्या दुकानात बसतात, दुसऱ्या मशीनवर. पहिल्या दिवशी त्यांच्या हातून सुई मोडली. मी म्हटलं, "वन्सं, सुया खाता का?" त्या हसल्या, महिन्यात पहिल्यांदा. मग रडल्या. मी मशीन चालवत राहिले, म्हणजे त्यांना रडता येईल.

तुरुंगाच्या डॉक्टरांनी उंच्याला जोडा द्यावा असं लिहिलं. तुरुंगानं मापं कागदावर लिहून पाठवली. ह्यांनी पाटीवर काय लिहिलंय ते उत्तरात कळवलं. पाय मोजायला आत येऊ द्या म्हणून तीन अर्ज झाले. आता चौथा टाकलाय. ह्यांना घाई नाही, पण माघारही नाही.

पण मला सांगायचं होतं ते टपालबाईंचं. त्यांचा जोडा तयार होत आला तेव्हा वरचं शिवणकाम कच्च्या टाक्यांवरच राहिलं होतं, आणि माझ्या मनगटाला सूज. वन्सं म्हणाल्या, मी शिवते. मग स्वतःच म्हणाल्या, "नको. त्यांना विचारल्याशिवाय नको."

टपालबाई आल्या, कुबडी टेकत. मी पुढे झाले. जोडा दाखवायच्या आधीच बोलायचं ठरवलं होतं, नाही तर माझ्यानं बोलवलं नसतं. "बाई, यांना ओळखून घ्या. या माझ्या नणंद. त्या मुलाची आई. जोडा यांनी शिवावा की नाही ते तुम्ही सांगा. नको म्हणालात तर मनगट बरं झालं की मी शिवीन. महिना लागेल."

त्या स्टुलावर बसल्या. वन्संकडे पाहिलं. वन्सं उभ्या राहिल्या होत्या, हातात दोरा.

"एक विचारते," टपालबाई म्हणाल्या. त्यांचा फटकळपणा कुठे गेला होता कोण जाणे. "त्याला माहीत होतं? पार्सलात काय होतं ते?"

"तो नाही म्हणतो," वन्सं म्हणाल्या. "मी त्याची आई आहे, बाई. मला नका विचारू. मला विचारलं की मी नाहीच म्हणणार."

रस्त्यावरून कुणीतरी हातगाडी नेत होतं, तिचा आवाज येऊन गेला. टपालबाईंनी कुबडी भिंतीला लावली. पाय पुढे केला.

"घालून तर बघू द्या आधी," त्या म्हणाल्या.

ह्यांनी गुडघे टेकले आणि जोडा चढवला. त्या उठल्या. एक पाऊल, दुसरं, तिसरं. साच्यांच्या फळीला हात टेकून थांबल्या, वळल्या, परत आल्या.

"इथे दाबतंय," त्यांनी वन्संना बोट ठेवून दाखवलं. "शिवताना इथे सैल ठेवा. आणि घाई करू नका. मला यावर दिवसभर उभं राहायचंय."

वन्सं त्यांच्या पायाशी बसल्या. खडूनं त्या जागी खूण केली.